वबा, मन आणि दवाखान्याचा दरवाजा

जालन्याचे नाव निघाले की लोखंडी सळ्यांचे कारखाने, बियाणांच्या कंपन्या आणि मोसंबीच्या बागा डोळ्यांपुढे येतात. जुन्या माणसांना मात्र जालन्याची आणखी एक ओळख ठाऊक होती. निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानचे मनोरुग्णालय जालन्यात होते. लोक त्याला सरळ पागलखाना म्हणत. सोळा जिल्ह्यांच्या त्या संस्थानात तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी माणसे होती. ज्यांचे मन हरवले, त्यांच्यासाठी हे आमचे गाव होते.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. १९५३ मध्ये ते मनोरुग्णालय जालन्याहून हैदराबादच्या एर्रागड्डा येथे हलवण्यात आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. रुग्णालय तिकडे राहिले, आम्ही इकडे आलो. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मनोरुग्णालये होती. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण कोरोनाची साथ हे आहे. साथीच्या काळात माणसाच्या मनावर काय गुदरते आणि तो मध्यरात्री दवाखान्याच्या दारात कसा येऊन पडतो, याचा हिशेब मांडताना १९५३ मध्ये आपल्या गावातून काय गेले, हे लक्षात ठेवावेच लागते.

वबेचा जुना अनुभव

उर्दूत साथीच्या रोगाला वबा म्हणतात. मुसलमानांच्या इतिहासाला वबा नवी नाही. हिजरी १८ मध्ये शाम देशात अमवासची प्लेगची साथ आली. हजरत उमर (र.) शामच्या वाटेवर होते. सोबत्यांशी सल्लामसलत करून ते सरघ येथून मागे फिरले. सेनापती हजरत अबू उबैदा (र.) आपल्या माणसांत राहिले आणि त्याच साथीत गेले. पुढे हजरत अम्र बिन आस (र.) यांनी लोकांना डोंगरांत विखरून राहायला सांगितले. साथीच्या गावात शिरू नये आणि तेथून पळूही नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ती पाळणाऱ्याच्या मनावर मात्र ताण येतोच. आप्त एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला, ही ताटातूट कोणत्याही काळात सोपी नव्हती.

इब्न हजर अस्कलानी हे पंधराव्या शतकातील कैरोचे थोर हदीसतज्ज्ञ. प्लेगात त्यांच्या स्वतःच्या मुली गेल्या. त्यांनी प्लेगवर आख्खा ग्रंथ लिहिला. एवढा मोठा आलिमही बाप म्हणून दुःखातून सुटला नाही, म्हणून शोक करणाऱ्याला ‘तुझा ईमान कच्चा आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मनाच्या आजाराला आजार मानण्याची परंपराही आपलीच आहे. अबू झैद अल-बल्खी यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथात शरीर आणि मन दोन्हींच्या प्रकृतीचा एकत्र विचार केला. कारण असलेले दुःख वेगळे आणि कारणावाचून दाटून येणारी उदासी वेगळी, हा भेद त्यांनी ओळखला होता. दमास्कसमधील नूरुद्दीनचा दवाखाना ११५४ चा आणि कैरोतील मन्सुरी दवाखाना १२८४ चा. त्या दवाखान्यांत जखमी आणि तापकऱ्यांच्या जोडीला मनोरुग्णांसाठीही जागा होती. वेड्याला दवाखान्याच्या आत खाट मिळत होती. त्या खाटेपासून आपण किती दूर आलो, हे पुढे दिसेलच.

प्लेग आणि एन्फ्लुएंझा

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोग्याला उचलून नेऊ लागले आणि घरच्यांना छावणीत ठेवू लागले. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती घरोघर पसरली. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत झडतीचे पथक एका जुलाहा विणकराच्या घरी आजारी मुलीला न्यायला आले. घरच्यांनी नकार दिला, जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली.

त्या विणकरांना अडाणी ठरवणे सोपे होते आणि तसे ठरवलेही गेले. पण त्यांचे म्हणणे एवढेच होते, की आमच्या मुलीला आमच्या नजरेआड नेऊ नका. दवाखान्याबद्दलचा धसका त्या काळात रुजला आणि तो पिढ्यान्पिढ्या चालत आला. १८९७ चा तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरात आला, तेव्हा तो धसकाही जागा झाला.

१९१८ च्या एन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट सर्वांत घातक ठरली. या साथीने डॉक्टरांना एक नवी गोष्ट शिकवली. अमेरिकेत बोस्टनच्या मनोरुग्णालयात कार्ल मेनिंजर या तरुण डॉक्टरने तापानंतर मन बिघडलेल्या १०० रुग्णांची नोंद करून १९१९ मध्ये ती प्रसिद्ध केली. कोणाला भास होत होते, कोणी बडबडत होते, कोणी गप्प झाले होते. ज्यांच्यावर कायमच्या वेडाचा शिक्का बसला होता, त्यांतले बरेचजण पुढे सावरले. म्हणजे साथीचा ताप मेंदूलाही पोहोचतो आणि त्यातून आलेले वेड बरे होऊ शकते. ही दोन्ही सत्ये शंभर वर्षांपूर्वी कागदावर आली होती. कोरोनाच्या वेळी ती नव्याने शिकावी लागली.

कॅज्युअल्टीत मन कोणत्या नावाने येते?

आपल्या जिल्ह्यात कोणी सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत येऊन ‘माझे मन आजारी आहे’ असे म्हणत नाही. मनाचा आजार तिथे दुसऱ्या नावाने येतो. बाई सांगते, छातीत धडधड होते, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात. ईसीजी काढला तर तो चांगला निघतो. एखाद्या मुलीला फिट आली म्हणून आणतात, पण ती फिट मिरगीची नसते. एखादा तरुण तीन रात्री झोपलेला नसतो, मोठमोठ्याने बोलत असतो आणि घरचे म्हणतात, याच्यावर ‘असर’ झाला आहे. आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘औषध पिले’ असे म्हणत कोणाला तरी जीपमध्ये टाकून आणतात. आमच्या भागात औषध म्हणजे फवारणीचे विष. वैद्यकीय कागदावर त्याची नोंद विषबाधा अशी होते. पोट धुतात, अॅट्रोपिन देतात, गरज पडली तर औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात पाठवतात. माणूस वाचला तर घरी जातो. पण तो त्या टोकाला का गेला, हे विचारायला रात्रीच्या त्या घाईत कोणी नसते.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. त्यानंतर २०१५ मध्ये राज्य सरकारने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि शेतकऱ्यांना समुपदेशन देण्याचा प्रयत्न केला. दुष्काळ असो की साथ, मनाची आणीबाणी आमच्याकडे आधीपासून होती. साथीने तिला गर्दीत ढकलले, इतकेच.

दवाखान्याआधी लोक आणखी एका दारी जात. जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथली यात्रा भरते. हिंदू-मुसलमान दोघेही जातात आणि मन बिघडलेल्या माणसाला घेऊन महिनोन्महिने मुक्काम करणारी कुटुंबेही असतात. या श्रद्धेची टिंगल करण्याचे कारण नाही. जिथे मनोरुग्णालय शेकडो किलोमीटर दूर आहे, तिथे माणूस जवळच्या दारी जाणारच. त्या दारी त्याला कोणी ‘वेडा’ म्हणून हाकलत नाही, हेही खरे. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, हेही तितकेच खरे. दर्ग्याची दुआ मनाला बळ देईल, पण औषधाची जागा तिला घेता येत नाही.

एकेक दरवाजा बंद होत गेला

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. मशिदी, मंदिरे, दर्गे सर्व बंद. राज्यातील धार्मिक स्थळे पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. म्हणजे रमजानचे दोन महिने आपण तरावीह घरात पढलो. पाच वेळा चार माणसे भेटत, ‘काय भाई, तब्येत कशी?’ असे विचारत. ते विचारणेही बंद झाले. हा मनाचा केवढा मोठा इलाज होता, हे तो बंद झाल्यावर कळले.

जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. जालन्याचे अनेक मनोरुग्ण उपचारासाठी औरंगाबादला जात. आता पास लागू लागला. गोळ्या संपल्या. मनाच्या काही आजारांत गोळ्या थांबल्या की लगेच काही होत नाही, पण काही आठवड्यांत झोप उडते, संशय वाढतो आणि मग एका रात्री घरच्यांना आवरत नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने फोनवरून आणि व्हिडिओवरून उपचार देण्याचे नियम जाहीर केले. ज्याच्या घरी चांगला फोन होता, त्याला त्याचा उपयोग झाला.

दारूची दुकाने मार्चअखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत बंद राहिली. आपल्याकडे दारू हराम आहे, म्हणून या विषयावर कोणी बोलत नाही. पण रुग्ण हा रुग्णच. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की हात थरथरतात, दोन-तीन दिवसांत भास होतात, झटके येतात आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. त्या एप्रिलमध्ये देशातील अनेक दवाखान्यांत असे रुग्ण वाढले. केरळ सरकारने तर ३० मार्च २०२० रोजी डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि तेथील उच्च न्यायालयाने तो तीनच दिवसांत थांबवला.

मजुरांचे काय झाले, ते जालन्याने कधीच विसरू नये. मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे मजूर जालन्याच्या लोखंड कारखान्यात काम करत होते. काम बंद, मजुरी बंद. ते गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने रेल्वेमार्गाने चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ दमून रुळांवरच झोपलेल्या त्या माणसांवरून मालगाडी गेली. सोळाजण ठार झाले. रुळांवर विखुरलेल्या भाकरी साऱ्या देशाने पाहिल्या. त्यांच्यापैकी एकही जण कोरोनाने मेला नव्हता. रुळावर झोपण्याइतका दमलेला, घाबरलेला आणि उपाशी माणूस हाही साथीचाच बळी असतो, पण त्याची नोंद अपघातात होते.

संशयाची साथ

मुसलमानांच्या वाट्याला एक जादा दुःख आले. मार्चअखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी पसरली आणि काही दिवसांतच रोगाला धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. खोकला आला तरी दवाखान्यात जायला माणसे कचरू लागली. तपासणीला गेलो तर वस्तीचे नाव पेपरात येईल, साऱ्या घराला उचलून नेतील, ही भीती १८९८ च्या त्या विणकराच्या भीतीहून वेगळी नव्हती. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असे निरीक्षण नोंदवले. निकाल आला तोवर पाच महिने लोटले होते. मनाला झालेली जखम निकालाने भरत नाही.

मग मय्यतीचा प्रश्न आला. गुस्ल नाही, चेहरा दाखवणे नाही, जनाजाला मोजकी माणसे. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने सर्वच कोरोना मृतांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन नको, अशी मागणी करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळली. ज्याला आपल्या बापाला कब्रीत उतरवता आले नाही, त्याचे दुःख आत कोंडून राहते. ते पुढे झोप न येण्याच्या, छाती दाटण्याच्या रूपाने बाहेर पडते. घरात कोंडलेल्या बाईचे तर विचारूच नये. मारहाण करणारा नवरा चोवीस तास घरात आणि माहेरचा रस्ता बंद.

आकडे काय सांगतात?

पहिल्या टाळेबंदीत मनाच्या तक्रारीचे रुग्ण वाढले असतील, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात सुरुवातीला दवाखान्याची दारे ओस पडली. अमेरिकेत २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या काळात तातडीच्या विभागांत येणारे रुग्ण आदल्या वर्षाच्या त्याच दिवसांच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी घटले. आजार कमी झाले नव्हते, माणसे घाबरून घरी बसली होती. मग लाट फिरली. त्याच देशात २०२० च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तातडीच्या विभागात येणाऱ्या मुलांमध्ये मनाच्या कारणाने येणाऱ्यांचे प्रमाण ५ ते ११ वयोगटात २४ टक्क्यांनी आणि १२ ते १७ वयोगटात ३१ टक्क्यांनी वाढले. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये १२ ते १७ वर्षांच्या मुलींचे आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयाने येणे २०१९ च्या त्याच दिवसांपेक्षा जवळपास ५१ टक्क्यांनी जास्त होते. शाळा बंद असलेल्या मुलींचे हे आकडे वाचून आपल्या मोहल्ल्यातल्या मुली आठवतात.

आपल्याकडे कॅज्युअल्टीत मनाची वेगळी नोंद होत नाही, म्हणून असा आकडा मिळत नाही. मिळतो तो शेवटचा, फार उशिराचा आकडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार महाराष्ट्रात २०१९ मध्ये १८,९१६ आत्महत्या झाल्या, २०२० मध्ये १९,९०९, २०२१ मध्ये २२,२०७ आणि २०२२ मध्ये २२,७४६. देशभरात रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या आत्महत्या २०२० मध्ये ३७,६६६ आणि २०२१ मध्ये ४२,००४ होत्या. ही सारी वाढ साथीमुळेच झाली असे म्हणता येणार नाही, पण भार कोणाच्या खांद्यावर पडला ते उघड आहे.

विषाणूनेही आपला वाटा उचलला. प्राणवायू कमी पडला की रुग्ण भ्रमात जातो, मुखवटा ओढतो, पळू पाहतो. स्टेरॉइडने काहींची झोप उडते आणि मन भडकते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये २,३६,३७९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कोरोनानंतर सहा महिन्यांत सुमारे एकतृतीयांश रुग्णांत मेंदूच्या किंवा मनाच्या आजाराचे निदान आढळले. मेनिंजरने १९१९ मध्ये जे लिहिले होते, ते पुन्हा समोर आले.

उघडलेले आणि उघडायचे दरवाजे

काही चांगलेही घडले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार मनाच्या आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार देऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ नाही म्हणून रुग्णाला दारातून परत पाठवण्याची गरज नाही. कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधणे या कायद्याने मना आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा मानतो, म्हणून पोलीस केसच्या भीतीने विषबाधा लपवू नये. दवाखान्यात पोहोचायला झालेला एक तासाचा उशीरही जीव घेतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू झाला. त्यावर रात्रीही मराठीत बोलता येते.

२०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जालन्यात ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मान्यता दिली. त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जिल्ह्याचे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले. १९५३ मध्ये गेलेली गोष्ट परत आणण्याचा निर्णय व्हायला जवळपास ७० वर्षे आणि एक महामारी लागली. मान्यतेचा कागद आणि उघडे दार यांत अंतर असते. ते अंतर कमी करून घेणे, त्यासाठी विचारत राहणे हे आपलेही काम आहे.

आणि सर्वच काही सरकारने करायचे नसते. वबेच्या दिवसांत आपल्याच तरुणांनी, जात-धर्म न पाहता, मय्यती उचलल्या, रेशन वाटले, प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्री जागवल्या. हेच तरुण उद्या मशिदीच्या फलकावर १४४१६ हा क्रमांक लिहू शकतात. इमामसाहेब जुम्याच्या बयानात दोन मिनिटे सांगू शकतात, की उदासी हा गुनाह नाही, तो आजार आहे आणि त्याचा इलाज आहे. ‘असर’ म्हणणाऱ्या घरच्यांना शेजारच्या खालाजान समजावू शकतात, की बाबांची हाजरी अवश्य द्या, पण आधी डॉक्टरची गोळी द्या. जिच्या घरात विषाची बाटली उघड्यावर आहे, तिला ती कुलपात ठेवायला सांगू शकतात.

पुढची वबा कधी येईल, हे अल्लाहलाच ठाऊक. ती येईल तेव्हा मशिदी, बाजार, शाळा, रस्ते पुन्हा बंद होतील. त्या रात्री जालन्याच्या एखाद्या मोहल्ल्यातून रिक्षा निघेल, मागच्या सीटवर आई आपल्या लेकराचे डोके मांडीवर घेऊन बसलेली असेल. दवाखान्याचा एकच दरवाजा उघडा असेल. त्या दरवाजात ‘काय झाले?’ असे विचारून खरे उत्तर ऐकून घेणारा माणूस उभा असला पाहिजे.